कुशाबाईचं मलम

जानेवारीत आमच्या वडगाव रासाईत सकाळी उशिरापर्यंत भीमेवरचं धुकं हलत नाही. अशाच एका सकाळी कस्तुराबाई तोड चालू असलेल्या फडात गुरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला वाकल्या आणि उसाच्या पानाची कड त्यांच्या डाव्या डोळ्यावरनं सप्‌कन फिरली. घरी ट्रॅक्टर होता, गडी होते, मुलगा विक्रम गावच्या सोसायटीत होता. पण दोन गाईंचं वाढं त्या स्वतःच आणायच्या. दुसऱ्यानं आणलेलं त्यांना पटत नसे.

डोळ्यातनं पाण्याची धार लागली. पदराचा बोळा डोळ्याला लावून त्या तशाच नदीकडच्या वस्तीवर कुशाबाईकडं गेल्या. डॉक्टरकडं जायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्या गावात डोळ्यात काही गेलं, की माणूस कुशाबाईकडंच जायचं.

कुशाबाई धनगराची. सासऱ्याच्या काळापर्यंत त्यांची मेंढरं होती. मेंढराच्या डोळ्यात कुसळ गेलं तर ते जिभेनं कसं काढायचं, हे तिला सासूनं शिकवलं. पुढं मेंढरं गेली, तिचा नवरा गेणबा दोन एकरांत आणि कस्तुराबाईंच्या रानात राबू लागला, पण कुशाबाईची जीभ मात्र गावाच्या कामाला राहिली. माझ्याही डोळ्यातनं तिनं लहानपणी ज्वारीचं कुसळ काढलंय. आधी दोनदा चूळ भरायची, मग अंगठ्यानं पापणी उचलायची आणि म्हणायची, "आभाळाकडं बघ." पुढचं कळायच्या आत झालेलं असायचं. डोळ्यावरनं काहीतरी गरम, ओलं फिरून जायचं आणि कुसळ तिच्या नखावर आलेलं असायचं. त्याबद्दल तिनं कधी कुणाकडून सूपभर ज्वारीसुद्धा घेतली नाही.

त्या दिवशी तिनं कस्तुराबाईंचा डोळा तपासला, जीभ फिरवली, पण हाती काही लागलं नाही. आत काही नव्हतंच, नुसता ओरखडा होता. तरी डोळा लालभडक झालेला आणि कस्तुराबाई उजेडाकडं बघू शकत नव्हत्या.

तेव्हा कुशाबाईला फळीवरच्या ट्यूबची आठवण झाली. दिवाळीच्या आसपास गेणबाच्या कमरेला गजकर्ण उठलं होतं. मांडवगणच्या बाजारात एका दुकानदारानं चिठ्ठीबिठ्ठी न मागता ती ट्यूब दिली आणि आठ दिवसांत कातडी स्वच्छ झाली. मग एकदा कुशाबाईच्याच पापण्या चुलीच्या धुरानं खाजू लागल्या, तेव्हा तिनं तेच मलम पापणीला लावून पाहिलं. गार वाटलं, खाज गेली. गजकर्ण खातं म्हणजे औषध चांगलं जोरकस आहे, एवढंच तिनं मनात धरलं होतं. तिनं कस्तुराबाईंची खालची पापणी ओढली आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढं मलम घातलं. दिवसातनं दोनदा येऊन जा म्हणाली.

दोन दिवसांत डोळा उजळला. लाली गेली, पाणी थांबलं. कस्तुराबाई बोलक्या, त्यांनी ही गोष्ट बचत गटाच्या बैठकीत सांगितली, दूध घालायला गेल्या तिथं सांगितली, मांडवगणच्या बाजारात सांगितली. कुशाबाईकडं आता औषधबी हाय, असं गावभर झालं. पुढच्या पंधरवड्यात सात जण तिच्याकडं आले. म्हातारे सावळाराम आले, त्यांच्या डोळ्यांना सतत पाणी. कॉलेजला जाणारी सायली आली, तिच्या पापणीवर रांजणवाडी उठली होती. पुलापलीकडच्या गुऱ्हाळावरचा रामसूरत आला. तो उत्तर प्रदेशातला. काहिलीच्या वाफेनं आणि भट्टीच्या धुरानं त्याचे डोळे कायम निखाऱ्यासारखे असायचे. कुशाबाईनं कुणाला नाही म्हटलं नाही. ट्यूब संपली तशी गेणबाला पाठवून आणखी मागवल्या. रामसूरत लांबनं यायचा, म्हणून त्याला तर एक अख्खीच देऊन टाकली.

तिसऱ्या आठवड्यात कस्तुराबाईंच्या डोळ्यात ठणका सुरू झाला. कुशाबाईनं पापणी उचलली तर बुबुळावर एक पांढरा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. डोळा फारसा लाल नव्हता, म्हणून तिला वाटलं, बरा होतानाची खपली असेल. तिनं मलम दोनदाचं चारदा केलं. ठिपका हरभऱ्याच्या डाळीएवढा झाला. एके सकाळी कस्तुराबाई उठल्या त्या भिंतीला धरूनच. विक्रमनं त्यांना गाडीत घालून दौंडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि दुसरं काही न करता पुण्याला जायला सांगितलं.

पुण्याच्या हॉस्पिटलात त्या तीन आठवडे होत्या. परत आल्या तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. कुशाबाई भेटायला गेली. ओसरीवर विक्रम बसला होता. आलेल्या प्रत्येकाला तो तीच हकीकत सांगत होता, तीच त्यानं तिलाही सांगितली.

"मावशी, उसाच्या पानावरची बुरशी डोळ्यात गेली हुती. तवाच नेलं असतं तर थेंबांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणले. पन आईनं काय केलं, तर गजकर्णाची ट्यूब डोळ्यात घातली. ते मलम काय करतं, तर डोळ्याची लाली दाबतं. डोळा आतनं भांडत हुता, त्याचं तोंडच दाबलं. वरनं डोळा बरा दिसला आन् आत बुरशीला रान मोकळं मिळालं. आता नजर यायची न्हाई."

"ट्यूब आईनं घातली?" कुशाबाईनं विचारलं.

"तुमचं औषध येगळं, ही घरात पडल्याली हुती म्हनं. डॉक्टरनं तीनदा इचारलं, कुनी घातली. मीच घातली म्हनली."

कुशाबाई आत गेली. कस्तुराबाई पलंगावर पडून होत्या. घरात कुणी जवळ नाही असं बघून त्यांनी तिचा हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं की तोंड उघडायचं नाही. पोरगं तापट आहे, तुझ्या गेणबाला ह्याच रानात कामाला यायचंय, माझा डोळा तर गेला तो गेला.

"वैनी, माझ्या हातानं गेला."

"तू काय मुद्दाम केलंस? गप ऱ्हा."

कुशाबाई गप राहिली. घरी आल्यावर तिनं फळीवरची ट्यूब काढून सून अंकिताला दाखवली आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. अंकिता बारावी झालेली. तिनं बारीक अक्षरं उजेडात धरून वाचली. फक्त बाहेरून लावण्यासाठी, असं लिहिलं होतं.

"डोळा बी बाह्यरच असतोय की," कुशाबाई म्हणाली.

अंकितानं ट्यूब परत दिली. सासूनं हे आज का विचारलं, ते तिला कळलं नाही.

त्या दिवसापासनं कुशाबाईला जे लागलं, त्याला आमच्याकडं नाव नाही. बायका म्हणत, हिला कुणीतरी धरलंय. ती माणसांच्या डोळ्यांकडं बघेनाशी झाली. बोलताना नजर तुमच्या हनुवटीवर किंवा पायावर. सुपात ज्वारी पाखडायला बसली की मध्येच थांबायची. तिनं पुढं मला सांगितलं, "दान्यावर पांढरा ठिपका असतो बग बारीक. मला वाटायचं समदं सूप माज्याकडं बघतंय." दुपारच्या उन्हात, भर उजेडात, चूल पेटलेली असताना तिला हे दिसायचं. दुधावर साय धरली की ती भांडं पालथं घालायची. भाकरी थापताना पिठाचा ठिपका मनगटावर उडाला तर हात धुवायला उठायची, धुऊन यायची, परत धुवायला जायची. सगळ्यात वाईट तिच्या जिभेचं झालं. जिभेवर सारखी डोळ्याची खारट चव आहे असं तिला वाटायचं. भाजीला मीठ आहे की नाही ते कळेना. अंकितानं एकदा अळणी आमटी वाढली तरी तिनं "खारट झाली" म्हणून ताट सरकवलं.

डोळ्यात काही गेलं म्हणून लोक येतच होते. ती दाराआडनंच सांगायची, दौंडला जा. कुणी म्हणालं तिला माज आला, कुणी म्हणालं वय झालं. तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

पण ते सात जण तिच्या डोक्यातनं जात नव्हते. प्रत्येकाच्या डोळ्यात तिनं आपल्या बोटानं काय घातलंय, ते तिला ठाऊक होतं. जाऊन सांगावं, तर कस्तुराबाईंचं खोटं उघडं पडतं. न सांगावं, तर त्या सात जणांचं काय? असे दिवसावर दिवस गेले. होळी गेली, पाडवा गेला, उन्हाळा तापला, रानातल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. जितका उशीर होईल तितका आपलाच दोष वाढतोय हे तिला कळत होतं, आणि जितका दोष वाढेल तितकी तिची भीतीही वाढत होती. गेणबाला एवढंच दिसत होतं की बायको वाळत चाललीय.

मे महिन्यात एके सकाळी सायली स्कूटीवरनं वस्तीवरून गेली. डोळ्यावर काळा गॉगल. उन्हाळ्यात पोरी गॉगल लावतातच, पण कुशाबाईच्या हातातली घागर खाली गेली. ती तशीच ओल्या लुगड्यानं कस्तुराबाईंच्या दारात येऊन उभी राहिली.

"वैनी, मला सांगावं लागंल," ती म्हणाली. "सात जनास्नी घातलंय मी ते. तुमच्यासंगट आठ."

कस्तुराबाईंना सात जणांचं माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं एकटाच आपला डोळा. हे सात जण आपल्याच तोंडच्या बढाईनं तिच्याकडं गेले होते, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार. मला त्यांनी ते पुढं कबूल केलं. मग त्या उठल्या, चपला पायात घातल्या आणि म्हणाल्या, "चल. मीबी येते. मला बगितल्यावर लोकांना पटंल."

दोघी म्हाताऱ्या उन्हात निघाल्या. पट्टी कधीच सुटली होती. कुशाबाई कस्तुराबाईंच्या उजव्या अंगानं चालली होती, डाव्या बाजूला ती फिरकली नाही. पहिलं घर सावळारामांचं. म्हातारा बाजेवर पडला होता. कुशाबाईनं उंबऱ्यात उभं राहून सांगितलं की मी तुम्हाला जे घातलं ते डोळ्याचं औषध नव्हतं, कातडीचं होतं, त्यानं वैनींचा डोळा गेला, तुम्ही डॉक्टरला डोळे दाखवा. सावळारामांना ऐकू कमी. तिला ते सगळं पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. शेजारच्या बायका बाहेर आल्या. सावळाराम म्हणाले, ते मलम तर चिकट लागलं म्हणून आम्ही दुसऱ्याच दिवशी फडक्यानं पुसलं. कुशाबाई उंबऱ्यावर खाली बसली. तिला उठवायला कस्तुराबाईंना जोर लावावा लागला.

सायलीच्या घरी निराळंच निघालं. रांजणवाडी केव्हाच बसली होती, पण मलमानं कातडी गुळगुळीत होते म्हणून पोरगी रोज ते पापण्यांना आणि गालाला लावत होती, मैत्रिणीकडून नवीन ट्यूब मागवून. पापणीची कातडी पातळ, लालसर झाली होती, उन्हात भगभगायची, म्हणून गॉगल. तिच्या आईनं तिथंच ट्यूब चुलीत टाकली आणि कुशाबाईला काय काय बोलली. कुशाबाईनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. निघताना एवढंच म्हणाली, "मला मागनं बोला. आधी पोरीला न्या." दुसऱ्या दिवशी नेली. पोरीची नजर चांगली होती, कातडीही महिना-दीड महिन्यात सुधारली.

संध्याकाळपर्यंत सहा घरं झाली. एका घरी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, एका घरी म्हातारीनं उलट कुशाबाईच्याच तोंडावरनं हात फिरवला. सहाही जणांचे डोळे शाबूत होते. पण गावात बातमी त्यांच्या पुढं पळाली होती, आणि त्या सहाव्या घरातनं बाहेर पडेपर्यंत विक्रम कुशाबाईच्या अंगणात येऊन बसला होता.

गेणबानं त्याला पाणी दिलं. तांब्या तसाच राहिला. कुशाबाई आली तशी अंगणाच्या कडेलाच उभी राहिली. विक्रमला राग होता का, ते गेणबाला सांगता आलं नाही. म्हणाला, पोराचा चेहरा नुसता राखेसारखा होता. आई लवकर दवाखान्यात आली असती तर, हे विक्रम तीन महिने घोकत होता. आईनंच आपल्या हातानं डोळा घालवला, असं समजून तो तिच्याशी धड बोलतही नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"मावशी, एकच इचारतो," तो म्हणाला. "दोन दिसांत आईची लाली गेली, तवा तुमाला खरंच डोळा बरा वाटला का?"

"व्हय. मला बी बरा वाटला."

"आन् ठिपका दिसला तवा?"

"तवा भ्या वाटलं," ती म्हणाली. "भ्या वाटलं म्हनून जास्ती घातलं. तवाच तुमाला हाक मारायला पायजे हुती. न्हाई मारली."

विक्रमनं विचारलं, सातवा कोण.

गुऱ्हाळावरचा रामसूरत, हे ऐकल्यावर तो उठला. सकाळी सातला तयार राहा म्हणाला आणि निघून गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मला वाटतं त्यानं अजूनही केलेलं नाही.

सकाळी विक्रम, कस्तुराबाई आणि कुशाबाई गाडीतनं पूल ओलांडून दौंड तालुक्यात गेले. नदीत पाणी खाली गेलं होतं, पात्रातले खडक उघडे पडलेले. गुऱ्हाळाच्या धुराड्यातनं काळा धूर सरळ वर चढत होता. काहिलीत रस उकळत होता, गुळाचा वास आणि भट्टीची धग लांबनंच अंगावर येत होती.

रामसूरत चिपाडाच्या गंजीजवळ होता. कुशाबाईला पाहून तो हसत पुढं आला. तिच्या पाया पडला. तिनं तीन महिन्यांत पहिल्यांदा मुद्दाम कुणाच्या तरी डोळ्यांत पाहिलं, आणि तिला धडकीच भरली. डोळे पांढरेशुभ्र होते. धुरात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे, आणि त्यात लालीचा दोरासुद्धा नाही.

"माई, तुम्हारी दवा जादू है," तो म्हणाला. "रोज डालता हूँ. खतम हुई तो दुकान से और लाया. साथवालों को भी बताया."

"और दिसायला?" कुशाबाईचं हिंदी एवढंच.

दिसायला छान, तो म्हणाला. फक्त अलीकडं बल्बभोवती रंगीत कडी दिसते, इंद्रधनुष्यासारखी. आणि डोकं दुखतं, पण ते भट्टीमुळं असेल. बोलता बोलता तो मागं सरकला आणि बाजूला ठेवलेल्या रसाच्या बादलीला त्याचा पाय लागला. बादली लवंडली. "ये भी आजकल बहुत होता है," म्हणून तो पुन्हा हसला.

कुशाबाईनं त्याला खांबाला टेकून उभं केलं. एक डोळा हातानं झाकायला लावला, समोर बघायला सांगितलं, आणि आपला हात बाजूनं हळूहळू पुढं आणत गेली. कधी दिसतो ते सांग म्हणाली. मेंढराची नजर अशीच बाजूनं हात आणून, ते कधी दचकतं त्यावरनं बघायची असते, हे ती सासूकडनं शिकली होती. उजव्या डोळ्याला हात वेळेवर दिसला. डाव्याला तो दिसेना. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा रामसूरत म्हणाला, "अब दिखा."

विक्रम सगळं बघत होता. त्यानं गुऱ्हाळाच्या मालकाला काहीतरी सांगितलं, रामसूरतला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, आणि दौंडला न थांबता गाडी थेट पुण्याच्या रस्त्याला लावली.

डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला. तो एवढा वाढला होता की त्यांनी दोनदा मोजून पाहिला. त्यांनी समजावलं, की अशा मलमात जे लाली दाबणारं औषध असतं ते महिनोन्‌महिने डोळ्यात गेलं की काहींच्या डोळ्यांतला दाब चढतो आणि आतली नस मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळत नाही. डाव्या डोळ्याची गेलेली बाजू परत यायची नाही. उजव्यालाही थोडी झळ लागलीय. पण आहे तेवढी नजर रोज थेंब घातले तर टिकेल. दोन्ही वेळा, जन्मभर, एक दिवसही न चुकता. आणखी दोन-तीन महिने गेले असते तर काय, ते त्यांनी सांगितलं, पण कुशाबाईनं ते ऐकून घेतलं नाही. ती बाकावर कानांवर पदर ओढून बसली होती. रामसूरतच्या ज्या दोन जोडीदारांनी त्याचं बघून ट्यूब आणली होती, त्यांनाही विक्रमनं दुसऱ्या दिवशी तपासून आणलं. त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

पाऊस लागायच्या आधी गुऱ्हाळ बंद झालं आणि रामसूरत गावाकडं जायला निघाला. निघताना कुशाबाईला भेटायला आला. राग नव्हता त्याच्या मनात. त्याला ती अजून माईच होती, आणि तेच तिला सोसत नव्हतं. तिनं त्याच्याकडं एकच मागितलं. संध्याकाळी थेंब घातले की गेणबाच्या फोनवर एक रिंग द्यायची. फोन उचलणार नाही, बोलायचंही नाही. रिंग आली की ती समजेल.

तेव्हापासनं रोज दिवेलागणीला गेणबाचा तो साधा बटनांचा फोन दोनदा वाजून बंद होतो. कुशाबाई त्या वेळी कुठंही असली तरी घरी येते. फोन पुढ्यात घेऊन ओट्यावर बसते. वाजला की चुलीकडं जाते. कस्तुराबाईही बऱ्याचदा येऊन बसतात.

भादव्यात एकदा फोन आला नाही. कुशाबाई अंधार पडेपर्यंत बसून होती. दुसऱ्या दिवशीही आला नाही. विक्रमनं फोन लावून पाहिला, तर बंद. कुशाबाईनं त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. पुन्हा तिचं हात धुणं सुरू झालं, पुन्हा जिभेवर ती खारट चव आली. थेंब संपले असतील, आणायला गेला नसेल, दुसरा पण डोळा... असं ती मोजून मोजून वाईट बोलत राहिली. गेणबानं रागावून पाहिलं, अंकितानं समजावून पाहिलं.

कस्तुराबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुशे, त्यो लांब हाय. त्याचं काय झालंय ते आज तुला कळायचं न्हाई. मी हितं हाय. माज्याकडं बघ."

कुशाबाई हलली नाही.

"चार-पाच म्हैने झालं, तू माज्या डाव्या अंगाला बसत न्हाईस. मला येकच डोळा ऱ्हायलाय, पन तेवढं दिसतंय मला. बघ."

कुशाबाई उठली. वळसा घालून कस्तुराबाईंच्या डाव्या बाजूला येऊन बसली. आधी हनुवटीकडं, मग गालाकडं, आणि मग तिनं डोळ्याकडं पाहिलं. बुबुळाच्या जागी धुरकट पांढरा पडदा होता, कडेनं एक तांबडी शीर आत शिरलेली. पापणीचे केस तेच, भुवईवरचा लहानपणचा व्रण तोच. तिनं अंगठा पुढं केला, मागं घेतला, आणि परत पुढं करून पापणी अगदी हलकेच वर उचलली.

"कसा हाय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"पांढरा हाय."

"मला आरशात बगवत न्हाई. घरात कुनी खरं सांगत न्हाई."

"पांढरा हाय, वैनी. समदाच पांढरा हाय," कुशाबाई म्हणाली. "दुखतोय का?"

"गार वारं लागलं की."

कुशाबाईनं आपला पदर काढून त्यांच्या डोक्यावरनं डाव्या बाजूला ओढला, वारं लागू नये असा. दोघी तशाच बसून राहिल्या. फोन काही वाजला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजला. दोन रिंगा आल्या आणि बंद झाला. नंतर विक्रमनं लावून विचारलं तेव्हा कळलं, की पुराच्या पाण्यानं त्यांच्याकडची वीज गेली होती, फोन चार्ज करायला सोय नव्हती. थेंब मात्र त्यानं चुकवले नव्हते. पण हे नंतर. त्या वेळी नुसता फोन वाजला. गेणबा गोठ्यातनं म्हणाला, "आला गं."

कुशाबाईनं मान हलवली आणि फोन पदरानं पुसून ओट्यावर ठेवला. आजचा आला होता. उद्याचा यायचा होता.